खाडीला मृत्युदाखला देणाऱ्यांस

ठाणे-डोंबिवलीकडच्या हौशी गळवाल्यांत सध्या एक युक्तिवाद जोरात आहे. उल्हासची खाडी संपली, असं ते म्हणतात. तिच्यात गाळ, प्लास्टिक आणि कारखान्यांचं पाणी एवढंच उरलं आहे. तेव्हा ज्यांना हा छंद टिकवायचा असेल त्यांनी दिवा-मुंब्र्याच्या काठावर चिखल तुडवत उभं राहण्याचा हट्ट सोडावा. बदलापूर-कर्जतकडे जमीन घ्यावी, तळं खोदावं, त्यात जिताडा सोडावा, जमलं तर परदेशातला लार्जमाउथ बास किंवा पीकॉक बासही सोडावा. तासावर पैसे घ्यावेत, लागलेला मासा फोटो काढून परत पाण्यात सोडायला लावावा. अमेरिकेत असंच चालतं म्हणे, आणि गळाच्या मासेमारीचं भविष्य हेच.

असं बोलणारे लोक मूर्ख नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी याच खाडीवर गरवायला शिकून घेतलं, आणि कोळंबी लावलेल्या गरीला मासा लागण्याऐवजी प्लास्टिकची पिशवी लागली की होणारा संताप मलाही ठाऊक आहे. वैताग खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत तो काढणाऱ्यांना मोजावी लागणार नाही. ती दिवा, साबे, दातिवली, आगासन, म्हातार्डी या गावांच्या पाण्याला मोजावी लागेल. म्हणून हे उत्तर.

आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू. दिव्यात राहणाऱ्याला खाडीच्या अवस्थेबद्दल कुणी शिकवणी द्यायची गरज नाही. ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं इथे आणून टाकला गेला. ती क्षेपणभूमी २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली आणि कचऱ्याच्या गाड्या भंडार्लीकडे वळल्या. पण इतक्या वर्षांचा ढीग आणि त्यातून झिरपणारं काळं पाणी गाड्या थांबल्या म्हणून नाहीसं होत नाही. वरच्या अंगाला वालधुनी आहे. अंबरनाथ आणि उल्हासनगर यांचं सगळं पोटात घेऊन ती कल्याणजवळ उल्हासला मिळते. डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्याबद्दल काय बोलावं? २०१४ साली तिथे हिरवा पाऊस पडला, २०२० साली रस्ता गुलाबी झाला. जमिनीवर जे रंग दिसले तेच गटारातून कुठे जात असतील, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. रेतीबंदरांवर सक्शन पंपांनी तळ खरवडला. कांदळवनावर भराव पडला, त्यावर चाळी उभ्या राहिल्या. खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास येतो, ही तक्रार तर घराघरांतल्या जाणत्या बायका फार आधीपासून करत आल्या.

एवढं सगळं मान्य करूनही खाडी मेली असं मी म्हणणार नाही, कारण ती मेलेली नाही. दिवसातून दोनदा तिच्यात समुद्र येतो आणि दोनदा परत जातो. उधाणाच्या दिवसांत वसईकडून चढणारं पाणी दिव्याच्या खाजणांत शिरतं. निवट्या चिखलावर धावतात, बोय उसळते, चिंबोरीची बिळं दिसतात. शेजारची ठाणे खाडी याच महानगराच्या सांडपाण्यावर जगते; तिथे २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दिव्याकडची खाडी त्या नकाशाच्या बाहेर राहिली. तिला दर्जा नाही, संरक्षणाचं वेगळं नाव नाही, तिच्यासाठी दुर्बिणी घेऊन बसणारे पक्षीप्रेमी फारसे नाहीत. तिच्याकडे नियमानं पाहणारे दोनच वर्ग उरलेत: गावातला आगरी-कोळी मासेमार आणि गळवाला. त्यातला दुसराच आता तिचा मृत्युदाखला लिहायला बसला आहे.

ज्या माशाच्या नावावर हे तळ्याचं स्वप्न विकलं जातं, त्या जिताड्याकडेच पाहू या. जगात याला आशियाई सी-बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. अमेरिकेतल्या लार्जमाउथशी याचं कूळ जुळत नाही, पण गळवाल्याला हवं ते सगळं याच्याकडे आहे: दबा धरून मारलेली झडप, दोरीला बसणारा हिसका, पाण्याबाहेर घेतलेली उडी. ज्याला बास पकडायचा सोस आहे त्याला परदेशी जाण्याची गरजच नव्हती. तो आपल्या खाडीतच होता, आणि अजून आहे.

त्याचं आयुष्य मात्र तळ्याच्या चार भिंतींत मावणारं नाही. मादी अंडी सोडते ती खाडीच्या मुखाजवळ, खाऱ्या पाण्यात. पावसाळ्याच्या भरतीबरोबर पिल्लं आत येतात. खाजणात, कांदळवनाच्या मुळांत, ओढ्यांच्या तोंडांशी, भातखाचरांना लागून असलेल्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात. मोठी झाली की पुन्हा मुखाकडे जातात. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की जिताडा बहुधा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, अंगानं चांगला भरल्यावर, मादी होतो. म्हणजे ज्याच्या बरोबर फोटो काढायला सगळे धडपडतात तो सर्वांत मोठा मासा बहुतेक वेळा मादी असतो, आणि एका हंगामात लाखोंनी अंडी देणारा असतो. अशी एक मादी काढली म्हणजे खाडीतून काय गेलं, याचा हिशोब वजनकाट्यावर लागत नाही.

इथे समोरचा पक्ष हमखास एक पत्ता टाकतो: तळ्यातला जिताडा ही तर आपलीच जुनी रीत, पेण-अलिबागच्या खारेपाटात घराघरामागे जिताड्याची तळी नाहीत का? आहेत. मीही त्या तळ्यांतला जिताडा चवीनं खाल्ला आहे. पण ती तळी भरत कशी? पावसाच्या तोंडाला खाडीत आणि खाजणात मिळणारी पिल्लं आणून त्यांत सोडली जात. ते तळं खाडीचंच शेवटचं टोक होतं. खाडीत पिल्लू आलं नाही त्या वर्षी तळंही रिकामं. खारेपाटच्या शेतकऱ्याला हे नातं पक्कं ठाऊक होतं. जो तळ्यावर जगत होता तो बांध आणि उघाडीही सांभाळत होता. खाडीला सोडचिठ्ठी देऊन तळं करायची कल्पना त्याच्या डोक्यात आली नसती. परंपरेचं नाव घ्यायचं तर ती पूर्ण घ्यावी.

यावर दुसरा पत्ता: पिल्लं आता खाडीतून आणावी लागतात कुठे? खरं आहे. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेनं १९९७ साली जिताड्याचं बंदिस्त पाण्यात प्रजनन यशस्वी केलं, आणि आज त्याचं बीज विकत मिळतं. आपल्या किनाऱ्यावर पिंजऱ्यात जिताडा वाढवण्याचे प्रकल्पही झाले. ताटात मासा यावा, गावात चार पैसे यावेत म्हणून हे होत असेल तर माझा त्याला विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. पण बीज विकत मिळतं म्हणून खाडीची गरज संपली असं कुणी म्हणू लागला की त्याला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची गोष्ट सांगावी लागते. तिथे धरणांत बॅरामुंडी सोडतात आणि लोक परवाना विकत घेऊन तिथे गळ टाकतात. तळेवाले याचाच दाखला देतात. मात्र गोड्या पाण्याच्या धरणात हा मासा वीत नाही, म्हणून तिथे तो पुन्हा पुन्हा विकत आणून सोडावा लागतो, हे ते सांगत नाहीत. आणि त्याच क्वीन्सलँडनं खुल्या पाण्यात नियम केला आहे की ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बॅरामुंडी ठेवायचा नाही, परत सोडायचा. लहान सोडायचा कारण तो अजून वाढायचा आहे, मोठा सोडायचा कारण ती मादी आहे. पूर्व किनाऱ्यावर विणीच्या हंगामात नोव्हेंबर ते जानेवारी तो पकडायलाच बंदी. त्यांनी नद्या राखल्या आणि वर धरणांतली मौज घेतली. आपण नदी टाकून मौज तेवढी मागतो आहोत.

आता परदेशी बासाकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

जपानात लार्जमाउथ बास १९२५ साली एका हौशी श्रीमंतानं आणला. उद्देश अगदी निरुपद्रवी होता: गळाला लागायला मजेदार मासा. तो आशी सरोवरात सोडला आणि पुढे गळवाल्यांच्याच कृपेनं देशभर पसरला. बिवा हे जपानचं सर्वांत मोठं सरोवर. त्यातल्या स्थानिक जाती त्यानं फस्त करायला सुरुवात केली. शेवटी शिगा प्रांतानं २००३ पासून नियम लागू केला की बिवात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायचाच नाही, आणि २००५ साली राष्ट्रीय कायद्यानं त्याला घातक परकीय जातींत टाकलं. यातला विरोधाभास पाहा. लार्जमाउथचा विश्वविक्रम १९३२ पासून अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या नावावर होता; २००९ साली त्याची बरोबरी करणारा मासा लागला तो याच बिवा सरोवरात. विश्वविक्रमाची बरोबरी करणारा बास जिथे मिळाला, तिथलं सरकार तो मासा नको म्हणून पैसे खर्चत होतं. भविष्य म्हणून हेच चित्र हवं आहे का?

जपान दूर वाटत असेल तर लोणावळ्याला या. तिथल्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला महसीरचं पैदास केंद्र सुरू केलं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. निळसर परांचा हा महसीर कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला होता. धरणांनी त्याची वाट अडवली आणि या केंद्रानं तो जगवला. पुढे त्याची पिल्लं देशात ठिकठिकाणी गेली, त्यांत कर्नाटकातली कावेरीही होती. तिथल्या भीमेश्वरी, गालिबोरे या शिबिरांत जगभरचे गळवाले महसीरसाठी येत. पण कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळाच होता: नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. त्याच्या शेजारी आपला लोणावळ्याचा पाहुणा येऊन बसला. पाहुण्याची संख्या वाढत गेली, यजमान दिसेनासा झाला. २०१८ साली या कुबडवाल्या महसीरचं शास्त्रीय नाव नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. ज्या माशाचं नाव नीट ठरायला दीडशेहून अधिक वर्षं लागली, तो नाव मिळतानाच जाण्याच्या वाटेवर होता. वाळू उपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, धरणं ही बाकीची कारणं होतीच. पण चांगल्या हेतूनं सोडलेली पिल्लं त्या यादीत आहेत, आणि ती आपल्या महाराष्ट्रातून गेली होती.

हे सगळं जगाला कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. गालिबोरेच्या शिबिरात गळवाल्यांनी १९९८ पासून नोंदवह्या ठेवल्या होत्या: कोण किती तास बसला, कोणता मासा लागला, वजन किती. सहा हजारांहून जास्त महसीरांची ती नोंद अभ्यासकांच्या हाती पडली तेव्हा एक जात वर आणि दुसरी खाली जाताना आकड्यांत दिसली. कुठल्याही सरकारी खात्याकडे ती माहिती नव्हती. २०१२ च्या सुमारास कावेरीच्या अभयारण्यातली ही शिबिरं बंद झाली आणि ती नोंदही थांबली. या एका गोष्टीत गळवाल्याचा अपराधही आहे आणि त्याचा उपयोगही. तळेवाल्या मंडळींना यातलं काहीच शिकायचं नाही, हे मला समजत नाही.

त्यांचं उत्तर तयार असतं: आम्ही नदीत कुठे सोडतोय, खासगी तळ्यातच तर ठेवणार. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात उल्हासच्या काठी तळं खोदून हे वाक्य बोलायला धाडस लागतं. २७ जुलै २०१९ ला याच वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली होती. हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. रेल्वेचा भराव जिथे पाण्याखाली जातो तिथे तुमच्या शेतघराच्या तळ्याचा बांध टिकेल? केरळात २०१८ च्या महापुरात अमेझॉनचा अरापैमा नद्यांत आढळला. तोही कुणाच्या तरी तळ्यातच होता. थाई मांगूर हा परदेशी मासा २००० साली देशभर बंदी घातल्यावरही ठाणे-पालघरच्या तळ्यांतून वर्षानुवर्षं वाढवला गेला, २०१९ मध्ये हरित लवादाच्या आदेशावरून तो नष्ट करायच्या मोहिमा निघाल्या, आणि तरी तो संपला असं छातीवर हात ठेवून कुणी म्हणणार नाही. उजनीत सकर मासा आणि तिलापिया यांनी मासेमारांची जाळी कशी भरतात ते भिगवणला जाऊन विचारा. परदेशी जलचर आणायला केंद्राच्या समितीची परवानगी लागते, हा नियम कागदावर आहे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं पिल्लू तो वाचत नाही.

राहिला अमेरिकेचा दाखला. अमेरिकेत असंच चालतं, हे वाक्य म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं अर्धंच पाहिलं आहे. चकचकीत नौका, बक्षिसांचे धनादेश, माशाची हालचाल पडद्यावर दाखवणारं सोनार हे दिसतं. पण तिथल्या बासाच्या बहुतेक स्पर्धा खासगी तळ्यांत होत नाहीत. सार्वजनिक सरोवरांत आणि नद्यांत होतात. गळ टाकणाऱ्याला राज्याचा परवाना काढावा लागतो. १९५० सालच्या एका कायद्यानं काठी, रीळ अशा सामानावरच्या कराचा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनालाच जाईल अशी तरतूद केली. काठी विकत घेणारा प्रत्येक जण पाण्याच्या निगेला हातभार लावतो.

त्याहून महत्त्वाचा माणूस म्हणजे रे स्कॉट. अलाबामातला विमा विक्रेता. १९६७-६८ मध्ये त्यानं बास पकडण्याच्या स्पर्धा आणि बासवाल्यांची संघटना उभी केली. आजचा तो सगळा अब्जावधींचा बाजार त्याच्यापासून सुरू होतो. पकडलेला मासा जिवंत परत सोडायची प्रथाही त्याच्या स्पर्धांत १९७२ पासून रुजली. आपल्याकडच्या तळेवाल्यांना स्कॉटचं एवढंच माहीत आहे. पण या माणसानं आणि त्याच्या संघटनेनं १९७०च्या आसपास पाण्यात घाण सोडणाऱ्या दोनशेच्या घरातल्या कारखान्यांवर दावे लावले होते. हौशी गळवाल्यांची संघटना कारखानदारांना कोर्टात खेचते आहे! त्यानं स्वच्छ पाण्याची लढाई आणि छंदाचा धंदा एकाच मुठीत धरला. धंदा घ्यायचा आणि लढाई टाकून द्यायची, ही अमेरिकेची नक्कलही धड नाही.

आपल्याकडे उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध हरित लवादात कोण गेलं? वनशक्ती ही पर्यावरण संस्था. कांदळवनं तोडणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निकाल कुणी मिळवला? बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं. या दोन्ही लढायांत गळवाले म्हणून आपण कुठे होतो? खाडीच्या काठी तासन्तास बसणारे, कोणत्या ओहोटीला कुठल्या नाल्यातून फेस येतो हे तोंडपाठ असलेले आपण? डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडायला न्यायालयानं परवानगी दिली. त्या मार्गाचं ठाण्याचं स्थानक आपल्या म्हातार्डीला होणार आहे. प्रकल्प हवा की नको हा वाद मी इथे घालत नाही. पण बदल्यात लावायची झाडं कुठे लागणार, कोणत्या खाजणाचं पाणी अडणार, भरतीचे मार्ग मोकळे राहणार का, हे प्रश्न विचारायला ज्यांचा मासा त्या मुळांत वाढतो ते हजर नकोत?

आणि इथेच मृत्युदाखल्याचा धोका आहे. खाडी मेली, हे वाक्य गळवाल्याच्या तोंडी हताशेचं असतं. भराव टाकणाऱ्याच्या कानी ते परवानगीसारखं पडतं. जिवंत खाडीत डबर ओतायला थोडी तरी लाज वाटते, मेलेल्या खाडीत कसली? रासायनिक पाण्याचा टँकर रात्री नाल्यात रिकामा करणाऱ्यालाही हाच दिलासा हवा असतो, की इथे मारण्याजोगं काही उरलेलंच नाही. तो त्याला गळवाल्यांनी पुरवू नये.

गावकरी मासेमारांवर ढकलण्याचीही एक सोय आहे: ते बारीक आसाची जाळी लावतात, वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात चढून येणारे, अंड्यावरचे मासे मारतात, सगळं तेच संपवतात. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सरंग्याला, म्हणजे पापलेटला, राज्यमाशाचा मान २०२३ साली मिळाला, त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवायची वेळ सरकारवर आली. लहान मासळी उपसणं हा रोग सगळ्या किनाऱ्याला लागला आहे. पण दिव्याच्या खाडीत ज्याचं सर्वांत जास्त गेलं तो हाच माणूस. त्याची खाजणं भरावाखाली गेली, मिठागरं गेली, मासळीला गिऱ्हाईक राहिलं नाही. शनिवार-रविवारी लोकलमधून उतरून महागडं रीळ फिरवणाऱ्यानं त्याला संवर्धन शिकवणं शोभत नाही. या पाण्यावर आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं निदान होडीचं भाडं द्यावं, वाट दाखवणाऱ्याला त्याचे पैसे द्यावेत. तळ्याच्या मालकाला तासाचे पैसे द्यायला जे तयार आहेत, त्यांना गावातल्या होडीवाल्याला तेवढेच द्यायला जड का जावं? तो पैसा दिव्यात, दातिवलीत राहिला तर खाजण वाचवण्यात गावाचाही रोकडा फायदा असेल, आणि भराव टाकायला आलेल्या डंपरसमोर उभं राहायला गळवाल्याबरोबर आणखी चार माणसं असतील.

पकडून सोडण्याबद्दलही थोडं. तळेवाले हा त्यांचा मोठा सद्गुण म्हणून सांगतात. मे महिन्यात उथळ, कोमट, प्राणवायू कमी असलेल्या तळ्यात तोच मासा आज याच्या, उद्या त्याच्या गळाला लावायचा, दर वेळी हवेत धरून फोटो काढायचा आणि परत टाकायचा, यात माशावर दया कुठे आहे मला दिसत नाही. पाणी जितकं तापलेलं तितके सोडलेले मासे जास्त मरतात, हे गळाच्या मासेमारीच्या अभ्यासांत वारंवार आढळलं आहे. मासे पकडणंच क्रूर, असं मानणाऱ्यांशी माझा वाद नाही. त्यांची भूमिका निदान सरळ आहे. खाडीत मात्र सोडण्याला अर्थ येतो. मध्यम जिताडा घरी न्यायचा असेल तर न्यावा; हाताएवढा आणि अंगाएवढा मात्र परत जावा. उलट्या काट्याचा गळ टाळला, मासा पाण्याबाहेर कमी वेळ ठेवला, तर सोडलेला जगण्याची शक्यता वाढते. क्वीन्सलँडचा आकार आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं नाही, आपल्या खाडीचे आकडे आपणच मोजून काढावे लागतील. त्यासाठी सरकारची वाट पाहायचं कारण नाही. समुद्री मासेमारीचा १९८१ चा कायदा नौका आणि जाळी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. काठी-रीळवाला त्यात कुणाला आठवला नव्हता. आपणच आपल्यावर नियम घालून घेतला तर कुणाची हरकत असणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकवला जातो: छंद विरंगुळ्यासाठी असतो, त्यात अर्ज, तक्रारी, कोर्टकचेऱ्या कशाला? ज्याला विरंगुळाच हवा त्यानं खुशाल तळ्यावर जावं. पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, शहराच्या मधोमध गळ टाकण्याची सोय तिनं टिकवली, त्यातही आनंद आहे. पण तळ्याला भविष्य म्हणायचं तर ते कुणाचं? जमीन असणाऱ्याचं, आणि तासाचे पैसे परवडणाऱ्याचं. दिव्याच्या चाळीतला पोरगा बांबूच्या काठीला दोरी आणि गरी बांधून बंदरावर बसतो. त्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, कर्जतपर्यंतचा रविवारही नाही. खाडी गेली की त्याचा छंद गेला, आणि आपण त्याला सांगणार की मासेमारीचं भविष्य उज्ज्वल आहे!

त्यामुळे मी तळेवाल्यांकडे एकच मागणं मागतो, आणि ते स्वस्त आहे. गालिबोरेसारखी वही आपण ठेवू या. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, कुठल्या पुलाच्या कुठल्या अंगाला, काय लागलं, किती लांबीचं, सोडलं की नेलं, पाण्याला वास होता का, फेस कुठून येत होता. मासा लागला नाही तेही लिहायचं. ती नोंद सर्वांत मोलाची असते. मोबाइलवरचे फोटो आहेतच, त्यांना तारीख आणि जागा जोडलेली असते. किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांवर सूचना-हरकती मागवल्या जातात, जनसुनावण्या होतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रारी जातात. तिथे ‘इथे जीवसृष्टी नाही’ असं कुणी लिहून आणलं तर त्याच्यासमोर ठेवायला अमुक तारखेला, अमुक नाल्याच्या तोंडाशी, अमुक लांबीचा जिताडा असला पाहिजे. तळ्याचं तिकीट काढून आलेल्याकडे अशी नोंद कधीच नसते.